ओळंब्याची साखळी आणि पाठीचा कोन

आमच्या एक्स-रे खोलीत उभ्या स्टँडच्या कडेला बारीक मण्यांची एक स्टीलची साखळी लोंबते. तिच्या टोकाला पितळी ओळंबा आहे. ओळंबा माझ्या वडिलांचा. ते गवंडी होते, मिरजेत आणि आसपासच्या गावांत त्यांनी आयुष्यभर भिंती उभ्या केल्या. नवा आलेला प्रत्येक रेसिडेंट डॉक्टर विचारतो, "मॅडम, हे काय मध्येच?" मी म्हणते, फोटो निघू दे, मग बघ. फोटोत कण्याच्या शेजारी साखळीची पांढरी रेघ उमटते. ती रेघ म्हणजे खरी उभी. प्लेटची कड, फोटोची चौकट, यांचा भरवसा नाही.

मी 24 वर्षं हे काम करते आहे. वाकड्या कण्याच्या फोटोवरचे कोन वाचून निदान करणं डॉक्टरांचं काम, माझं नाही. पण कोन मोजून चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहायची सवय मला एका जुन्या हाडांच्या डॉक्टरांनी लावली आणि त्यातून जे हाताला कळलं, ते फिजिओथेरपीच्या आणि रेडिओग्राफीच्या मुलामुलींसाठी इथे लिहिते आहे. बहुतेकांना वाटतं की मोजणं म्हणजे चार क्लिक. क्लिक शेवटी येतात. अर्धी चूक त्याआधीच, पेशंट स्टँडपुढे उभा राहतो तेव्हा झालेली असते.

म्हणून आधी उभं राहणं. चप्पल-बूट काढून, दोन्ही टाचा टेकवून, गुडघे ताठ, वजन दोन्ही पायांवर सारखं. एवढं सगळे सांगतात. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला "सरळ उभी राहा" म्हटलं की ती प्रार्थनेच्या वेळी राहते तशी ताठ होते, पोट आत, खांदे मागे, आणि आपण तिची खरी पाठ घालवून बसतो. मी म्हणते, "बाळ, एसटीची वाट बघत कशी उभी राहतेस, तशी राहा." खांदे आपोआप सैल पडतात. मग मी गुडघ्यांकडे बघते. एक पाय आखूड असेल तर लांब पायाचा गुडघा नकळत दुमडलेला असतो, कमरेची पातळी सारखी दिसते आणि फोटो खोटा येतो.

अंगावरच्या वस्तूंची यादी परदेशी पुस्तकांत असते, पण तिथे करदोटा नसतो. कमरेचा करदोटा, त्यातला चांदीचा मणी किंवा ताईत, नेमका चौथ्या कंबरमणक्यावर येऊन बसतो. दाट तेल लावलेली वेणी मानेच्या मणक्यांवर सावली टाकते, ती वर बांधायची, पण क्लिप न लावता. मंगळसूत्र काढायला सांगायचं असेल तर हळू आवाजात, सासू बाहेर गेल्यावर. आणि वयात आलेल्या मुलीला पाळीची तारीख विचारायची ती आईसमोर नाही, पडद्याआड एकटीला.

समोरचा फोटो काढताना छाती प्लेटकडे आणि पाठ ट्यूबकडे. किरण मागून शिरले की छातीपर्यंत पोचेतो बरेचसे शोषलेले असतात, त्यामुळे स्तनांना डोस कमी लागतो. ही काही फॅशन नाही. लहानपणी पाठीसाठी वारंवार एक्स-रे काढलेल्या अमेरिकेतल्या बायकांमध्ये पुढे स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळलं होतं. वाकडी पाठ असलेल्या मुलीचे वाढ संपेपर्यंत कितीतरी फोटो निघतात. म्हणून जो फोटो पुन्हा काढावा लागत नाही, तोच चांगला फोटो.

कडेचा फोटो काढताना हात कुठे ठेवायचे यावर फार दुर्लक्ष होतं. हात पुढे लांब धरले की धड तोल सांभाळायला मागे जातं. मी दोन्ही मुठी हळूच गळ्याच्या हाडांवर टेकवायला सांगते, कोपरं दुमडलेली. आणि खाली फोटो कुठे संपतो ते बघा. खुब्याचे दोन्ही गोळे आत आलेच पाहिजेत. ते कापले गेले तर कंबरेच्या हाडाच्या तीन मापांपैकी दोन निघत नाहीत. वर कान, खाली खुबे, हे मी नव्या मुलांना पाठ करायला लावते.

ट्यूब सहा फुटांवर, म्हणजे 72 इंच. पूर्वी 14 बाय 36 इंचाची मोठी फिल्म असायची. मोठ्या शहरांत, आमच्याकडे नव्हती. आम्ही 14 बाय 17 च्या दोन कॅसेट, म्हणजे फिल्मचे चपटे डबे, एकाखाली एक चिकटवून काम भागवत होतो. आता मशीन दोन-तीन फोटो घेऊन स्वतःच शिवतं, आणि शिवणीची जागा तपासायला माणूस विसरतो. दोन एक्स्पोजरच्या मध्ये पेशंट जरा हलला की शिवणीवर एक मणका अर्धा गिळला जातो किंवा दोनदा उमटतो. साखळीची रेघ तिथे तुटून बाजूला सरकलेली दिसली तर शिवण चुकली आहे. रेघ अखंड असेल तर निदान मशीनने तरी नीट जोडलंय. पेशंट हलला का, हे बरगड्यांच्या कडा बघून ठरवायचं.

आता मणके मोजणं. छातीच्या मणक्यांना परदेशी लेखांत 'टी' लिहितात, आपल्याकडे रिपोर्टात 'डी'. दोन्ही एकच. बरगड्यांवरून वरून खाली मोजत या: बारा छातीचे, मग पाच कमरेचे, त्यांना 'एल' लिहितात. काही जणांना कमरेचे चार दिसतात, काहींना सहा, कारण शेवटचा मणका त्रिकास्थीला, म्हणजे कण्याच्या तळाच्या त्रिकोणी हाडाला, चिकटलेला असतो किंवा त्रिकास्थीचा पहिला सुटा झालेला असतो. तसं दिसलं तर "वरून मोजले" असं लिहून ठेवायचं, म्हणजे पुढचा माणूस खालून मोजून दुसराच आकडा काढणार नाही.

वाकाचा कोन मोजायची जी रीत सगळे वापरतात ती न्यूयॉर्कच्या जॉन कॉब यांची, 1948 ची. रीत सोपी, निवड अवघड. वाकाच्या वरच्या टोकाला सर्वांत जास्त कललेला मणका शोधायचा, खालच्या टोकालाही तसाच. वरच्या मणक्याच्या वरच्या काठावर एक रेघ, खालच्या मणक्याच्या खालच्या काठावर दुसरी. दोन रेघांमधला कोन म्हणजे कॉबचा कोन. फिल्मवर या रेघा बहुतेक वेळा बाहेर कुठेतरी दूर मिळतात, म्हणून प्रत्येकीवर गुण्या लावून लंब टाकायचा. लंबांमधला कोन तोच. माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये अजून ग्रीस पेन्सिल आणि मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक आहे. सॉफ्टवेअर बंद पडलं की तो कामाला येतो, आणि महिन्यातून एकदा तरी येतोच.

सर्वांत कललेला मणका डोळ्यांना चकवतो. त्यासाठी मणके न बघता मधल्या चकत्यांच्या फटी बघा. वाकाच्या आत फट बाहेरच्या, फुगीर बाजूला रुंद असते आणि आतल्या बाजूला चिंचोळी. वरून खाली येत या; जिथे ही रुंदी बाजू बदलते किंवा फट दोन्हीकडे सारखी होते, तिथे टोकाचा मणका असतो. वाकाच्या मधला, सर्वांत बाजूला गेलेला मणका मात्र जवळजवळ आडवा असतो. तो कललेला नसतो, वळलेला असतो. मणक्याचे दोन पेडिकल, म्हणजे त्याच्या मागच्या कमानीचे दोन खांब, समोरच्या फोटोत दोन डोळ्यांसारखे दिसतात. वळलेल्या मणक्यात एक डोळा मध्याकडे सरकतो आणि दुसरा कडेला जाऊन दिसेनासा होतो. वरचा काठ धूसर असेल तेव्हा हेच डोळे उपयोगी पडतात: दोन्ही पेडिकलच्या वरच्या कडांना, किंवा दोन्हींच्या खालच्या कडांना, जोडून रेघ काढता येते.

रेघ काढताना काठाच्या दोन्ही टोकांपर्यंत जा. मणका साधारण 4 सेंटिमीटर रुंद धरला आणि रेघेचं एक टोक 1 मिलिमीटर घसरलं, तर जवळजवळ दीड अंश गेला. दोन्ही रेघा उलट बाजूंना घसरल्या तर तीन. म्हातारपणी काठावर उगवलेल्या हाडाच्या चोचीवर क्लिक केलं तर त्याहून जास्त. म्हणूनच दोन वेळच्या मापांत 5 अंशांपर्यंतचा फरक हा मोजणाऱ्याचा धरतात, पाठीचा नाही.

हे मला कळलेलं होतं आणि तरी मी एकदा चुकले. तेरा वर्षांची मुलगी, सहा महिन्यांनी परत आलेली. जुन्या कागदावर 28 अंश. मी मोजले, 34. आई शेजारीच होती. तिने विचारलं, "ताई, वाढलं का हो?" आणि माझ्या तोंडून आकडा निघून गेला. ती बाई तिथेच स्टुलावर बसून रडायला लागली. मुलगी आईचा पदर धरून उभी, तिला कळेना काय झालं. डॉक्टरांनी जुनी फिल्म मागवली. आधीच्या माणसाने डी-6 ते डी-12 मोजलं होतं, मी डी-5 ते एल-1. फटींवरून पाहिलं तर टोकं माझीच बरोबर होती. पण त्याच मणक्यांवर जुनी फिल्म मोजली तेव्हा आली 33. म्हणजे सहा महिन्यांत एक अंश, म्हणजे काहीच नाही. पाठ वाढली नव्हती, आधीच कमी मोजली गेली होती. उपचारासाठी ही दोन अगदी वेगळी वाक्यं आहेत.

तेव्हापासून माझा नियम असा: जुना आकडा घ्यायचाच नाही, जुनी फिल्म घ्यायची. दोन्ही एकाच बैठकीत, त्याच मणक्यांवर मोजायच्या. आणि पेशंटसमोर आकडा बोलायचा नाही, मग आईने कितीही वेळा ताई म्हटलं तरी.

आकड्यांचे टप्पे माहीत असावेत, नाहीतर कुठे जपून मोजायचं ते कळत नाही. 10 अंशांखालच्या वाकाला स्कोलिऑसिस, म्हणजे कणा बाजूला वाकण्याचा आजार, म्हणत नाहीत. वाढीच्या वयात साधारण 25 ते 45 च्या दरम्यान पट्ट्याचा, म्हणजे ब्रेसचा विचार होतो. 45-50 च्या पुढे शस्त्रक्रियेचा. त्यामुळे 24 आणि 26 मध्ये माझा हात जड होतो, मी तीनदा मोजते. 14 आणि 16 मध्ये तेवढी झोप उडत नाही. वाढ किती बाकी आहे हेही त्याच फोटोत दिसतं: कंबरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर वाढीची हाडाची टोपी बाहेरून आत सरकत येते, तिला रिसर 0 ते 5 असे अंक देतात. म्हणून फोटो कापताना कंबरेच्या हाडाच्या कडा कधी कापायच्या नाहीत.

आडवं झोपवून काढलेल्या फोटोतला कोन उभ्याच्या कोनाशी ताडायचा नाही. आडवं झालं की वाक सैलावतो. एमआरआय झोपवूनच होतो, आणि त्याच्या रिपोर्टात "मणका किंचित वाकडा" वाचून लोक "कमी झालं" म्हणत आनंदाने येतात. दिवसाच्या वेळेनेही फरक पडतो. सकाळपेक्षा दुपारनंतर कोन थोडा जास्त भरतो. शक्य तेवढं मी एका मुलीला दरवेळी एकाच वेळेला बोलावते.

आणखी एक घोळ डाव्या-उजव्याचा. छातीचा फोटो आपण पेशंटच्या समोर उभं राहिल्यासारखा बघतो. पाठीचे सर्जन मागून बघतात, ऑपरेशन टेबलावर दिसते तशी. त्यामुळे तोच फोटो दोन खोल्यांत उलटा-सुलटा लागतो. शिशाचा आर (उजवा) किंवा एल (डावा) प्लेटवर लावायचा, नंतर कॉम्प्युटरवर टाइप करायचा नाही. वाकाला नाव फुगीर बाजूचं.

आता कंबर, आणि इथे ओळंबा खरा कामाला येतो. समोरच्या फोटोत आधी दोन खुब्यांच्या गोळ्यांचे माथे बघा, मग कंबरेच्या हाडाच्या दोन कडा. माथे जोडणारी आणि कडा जोडणारी, दोन्ही रेघा एकाच बाजूला खाली असतील तर पाय आखूड असण्याची शक्यता, आणि वरचा वाक त्याची भरपाई असू शकतो. आमच्याकडे 5 मिलिमीटर जाडीच्या प्लायच्या फळ्या आहेत. आखूड पायाखाली एकेक सारत पातळी येईपर्यंत उभं करायचं, फळ्या मोजायच्या आणि मग फोटो. पातळी आल्यावर वाकही गेला तर तो कण्याचा नव्हताच. खुबे सारखे आणि फक्त कंबरेच्या कडा तिरप्या असतील तर गोष्ट वेगळी, ती डॉक्टरांसाठी लिहून ठेवायची.

मिलिमीटर मोजायचे तर फोटो थोडा मोठा उमटतो हे लक्षात ठेवा. कोनाला त्याने फरक पडत नाही, अंतराला पडतो. ज्यांच्याकडे मापाची स्टीलची गोळी नाही त्यांच्यासाठी जुगाड: 10 रुपयांचं नाणं खुब्याच्या बाजूला चिकटपट्टीने लावा. त्याचा व्यास 27 मिलिमीटर. फोटोत तिरपं दिसलं तर सर्वांत लांब व्यास धरायचा. एका आजोबांनी नाणं परत द्यायचं राहिलं म्हणून संध्याकाळी फोन केला होता, बरोबरच केला.

कडेच्या फोटोत तीन कोन. दोन्ही खुब्यांच्या गोळ्यांवर वर्तुळं काढा, त्यांच्या केंद्रांना जोडून मध्य घ्या. त्रिकास्थीच्या वरच्या काठाचा मध्य घ्या. दोन्ही मध्य जोडा. आता त्रिकास्थीच्या काठावर गुण्या लावून लंब टाका. या लंबातला आणि जोडलेल्या रेघेतला कोन म्हणजे पेल्विक इन्सिडन्स. फ्रान्समधल्या जिनेट द्युवाल-बोपेर यांच्या गटाने 1992 मध्ये तो मांडला. तीच जोडलेली रेघ ओळंब्याशी किती कलते तो पेल्विक टिल्ट. त्रिकास्थीचा काठ पाणसळीशी, म्हणजे खऱ्या आडव्या रेघेशी, किती कलतो तो सेक्रल स्लोप. शेवटच्या दोघांची बेरीज म्हणजे पहिला.

पहिला कोन माणसाच्या बांध्याचा. वाढ संपल्यावर तो उभं राहण्याने, बसण्याने बदलत नाही. कुणाचा 40, कुणाचा 70, दोन्ही निरोगी. बाकीचे दोन पवित्र्याचे. कमरेची कमान सपाट झाली की माणूस पुढे झुकायला लागतो, आणि झुकू नये म्हणून कंबर मागे फिरवतो. टिल्ट वाढतो, स्लोप कमी होतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर गुडघे दुमडतो.

एक निवृत्त एसटी चालक आले होते. पहिल्या फोटोत मानेच्या सातव्या मणक्यावरून सोडलेला ओळंबा त्रिकास्थीच्या मागच्या वरच्या कोपऱ्याच्या पुढे फक्त 3 सेंटिमीटर. 5 च्या आत चांगलं धरतात, म्हणजे सगळं ठीक. पण फोटोच्या तळाशी मांडीची हाडं पुढे तिरपी गेलेली. गुडघे दुमडले होते आणि माझं लक्ष गेलं नव्हतं. "काका, गुडघे ताठ करा," म्हटलं तर म्हणाले, "मग पुढं पडतोय की." पुन्हा काढला, शेजारी धरायला मुलाला उभं केलं. ओळंबा 8 सेंटिमीटर पुढे. इन्सिडन्स 58, टिल्ट 28, स्लोप 30. कमरेची कमान 36. इन्सिडन्स आणि कमान यांच्यात 10 अंशांपर्यंत फरक चालतो असं ढोबळ मानतात, इथे 22. टिल्टही 25 च्या वर.

आता समजा त्या दिवशी साखळी नसती आणि प्लेट 4 अंश तिरपी बसली असती. टिल्ट 32 आला असता, स्लोप 26, बेरीज तरीही 58. बेरीज जुळली म्हणून आपण खूश. बेरजेने चुकलेली रेघ सापडते, वाकडी प्लेट सापडत नाही. कॉबच्या कोनालाही प्लेट वाकडी असली तरी काही होत नाही, कारण तो मणक्या-मणक्यातला कोन आहे. पण ज्या ज्या मापात 'उभं' किंवा 'आडवं' हा शब्द येतो, ते प्रत्येक माप प्लेटबरोबर वाकडं होतं. मानेच्या सातव्या मणक्यापासून त्रिकास्थीपर्यंत 45 सेंटिमीटर धरले तर 4 अंशांनी ओळंबा 3 सेंटिमीटर सरकतो. काकांचे 8 चे 5 झाले असते, आणि 5 म्हणजे "ठीक".

म्हणून मोजायला बसलं की पहिलं काम: फोटो फिरवून साखळीची रेघ मॉनिटरवर उभी करायची. मगच क्लिक. साखळी नसेल तर बाजारात माशांच्या गळाला लावायचं शिसं मिळतं, ते बारीक तारेला बांधा. तार कण्यावर येऊ देऊ नका, आणि पंखा बंद करा. माझे पहिले दोन फोटो पंख्यामुळे गेले, रेघ डुलत होती.

दोन्ही खुब्यांचे गोळे एकमेकांवर बसलेले दिसत नाहीत, थोडे मागेपुढे येतात, म्हणून लगेच फोटो पुन्हा काढू नका. मध्य घ्यायची सोय त्याचसाठी आहे. त्रिकास्थीचा वरचा काठ घुमटासारखा गोल असेल तर मात्र रेघ कुठे काढली ते फोटोवर खुणेसहित ठेवा.

चिठ्ठी मी अशी लिहिते. त्या मुलीची त्या दिवशी अशी असायला हवी होती:

उभ्याने, अनवाणी, सकाळी 11. पाठीमागून किरण. मणके वरून मोजले, कमरेचे 5. डी-5 चा वरचा काठ ते एल-1 चा खालचा, फुगीर बाजू उजवी, 34. मागची फिल्म आज त्याच मणक्यांवर पुन्हा मोजली, 33. रिसर 2. खुबे पातळीत, फळी नाही. साखळी उभी केली. आकडा घरच्यांना सांगितलेला नाही.

खाली सही आणि वेळ.